थांबायला सांगता, मग खर्चाचं काय?

इंडोनेशियात अडकलेल्या निर्वासितांना मिळणारा महिन्याचा भत्ता कित्येक वर्षं एवढाच होता: मोठ्या माणसाला १२ लाख ५० हजार रुपिया, लहान मुलाला ५ लाख. आकडा ऐकून दचकू नका. मोठ्या माणसाचे ते पैसे आपल्या हिशेबात महिन्याला सहा-सात हजार रुपये होतात. राहायची खोली वेगळी मिळते, पण जेवणखाण, कपडालत्ता, फोनचा रिचार्ज, पोरांच्या वह्या हे सगळं त्यातच भागवायचं. हे पैसे आयओएम ही स्थलांतरितांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था वाटते, आणि त्यामागचा मोठा वाटा ऑस्ट्रेलिया सरकारचा असतो. मेलबर्नमध्ये राहून मी जो कर भरते, त्यातला काही अंश तिकडे जातो. त्याचं मला अजिबात दुःख नाही. दुःख आहे ते मार्च २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्याला लावलेल्या कात्रीचं.

तेव्हा ठरलं असं की आधीपासून मदत मिळणाऱ्यांची मदत चालू राहील, पण नवीन येणाऱ्या कोणालाही ती मिळणार नाही. कारण काय सांगितलं, तर मदत मिळते म्हणून लोक इंडोनेशियात येतात.

यामागची परिस्थिती माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. इंडोनेशियाने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. (आपल्या भारतानेही केलेली नाही.) तिथलं सरकार या लोकांना राहू देतं, पण कायमचं सामावून घेत नाही आणि नोकरीधंदाही करू देत नाही. काम करताना सापडलं तर थेट डिटेन्शन सेंटर, म्हणजे परदेशी लोकांना कोंडून ठेवायची जागा. मग त्यांच्यापुढे मार्ग कोणता? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, म्हणजे यूएनएचसीआरकडे नाव नोंदवायचं, मुलाखती द्यायच्या, निर्वासित म्हणून मान्यता मिळवायची आणि ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका यांपैकी कुणीतरी बोलावेल म्हणून थांबायचं. असे साधारण १२ हजार लोक तिथे आहेत. अनेक वर्षं त्यांत निम्म्याहून जास्त अफगाण होते, त्यातही बरेचसे हजारा. तालिबानने वेचून मारलेली ही जमात. बाकी सोमाली, इराकी, रोहिंग्या.

आता ऑस्ट्रेलियाने काय केलं बघा. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की १ जुलै २०१४ नंतर जकार्ताच्या यूएनएचसीआर कार्यालयात नोंदणी केलेल्या कुणालाही आम्ही घेणार नाही. म्हणजे शेजारचा श्रीमंत देश बंद. होडीने याल तर परत लोटू, हे आधीच ठरलेलं होतं. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी नवीन लोकांचा भत्ताही बंद. समुद्रातून येऊ नका, रीतसर नोंदणी करून थांबा, असं ज्यांना सांगितलं त्यांनी तसंच केलं. त्या थांबण्याचा काळ कसा काढायचा, याचं उत्तर कुणीच देत नाही.

त्या काळात जे घडलं ते मला विसरता येत नाही. जकार्ताच्या कालिदेरेस भागातल्या डिटेन्शन सेंटरबाहेर माणसं फुटपाथवर झोपत होती. आम्हाला आत घ्या, कोंडून ठेवा, अशी विनंती करत होती. कारण आत दोन वेळचं जेवण मिळत होतं, आणि आत गेलं तरच पुढे कधीतरी आयओएमच्या यादीत नाव लागण्याची आशा होती. पोरंबाळं घेऊन आलेली माणसं तुरुंगाच्या दारात रांग लावतात, इतकं त्यांना बाहेर जगणं अशक्य झालं होतं. हा सगळा प्रकार माझ्या सरकारच्या धोरणातून आलेला आहे, म्हणून मी लिहिते आहे.

बोगोरच्या वर, पुन्चाकच्या डोंगरात चिसारुआ नावाचं थंड हवेचं ठिकाण आहे. जकार्ताचे लोक शनिवार-रविवार तिथे जातात. जकार्तापेक्षा स्वस्त खोल्या मिळतात म्हणून शेकडो निर्वासित कुटुंबं तिथे स्वतःच्या खर्चाने राहिली. स्वतःच्या म्हणजे घर, गाडी, बायकोचे दागिने विकून आणलेल्या पैशांतून. वर्ष-दोन वर्षांत ते संपतात. मग सगळी मदार बाहेरच्या नातेवाइकांवर. माझ्या ऑफिसात एक हजारा सहकारी आहे, मेलबर्नच्या डॅन्डेनाँग उपनगरात राहतो. तिथे हजारा वस्ती मोठी आहे. दर पंधरवड्याला पगार झाला की भावाच्या कुटुंबासाठी चिसारुआला पैसे पाठवतो. घराचा हप्ता भरायचा, दोन पोरांचं करायचं आणि पलीकडे आणखी एक घर चालवायचं. सरकारने बजेटमधून कापलेली रक्कम कुठे गेली, तर अशांच्या खांद्यावर. ज्याचं बाहेर कुणीच नाही, त्याने काय करायचं?

तरीही त्या माणसांनी हातावर हात ठेवून बसणं पत्करलं नाही. २०१४ मध्ये चिसारुआतल्या हजारा निर्वासितांनी स्वतःच एक शाळा काढली, चिसारुआ रेफ्युजी लर्निंग सेंटर. शिकवणारे निर्वासित, शिकणारे निर्वासित. पुढे त्या धर्तीवर आणखी शाळा निघाल्या. फुकट भत्ता दिला की माणसं आळशी होतात, असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. काम करायची परवानगी नसतानाही या लोकांनी काम शोधलं, फक्त त्याचा पगार कुणी देत नाही.

इथल्या मराठी ग्रुपवर हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: आम्ही रांगेत उभे राहून, पॉइंट्स मोजून, फी भरून आलो. खरं आहे. मीही तशीच आले. माझा पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अडकला होता तेव्हा मी पुण्यात नोकरी करत होते, रात्री स्वतःच्या घरात झोपत होते आणि नाहीच झालं तर तिथेच राहायची सोय होती. त्या वाट बघण्याशी या वाट बघण्याची तुलना करणं मला तरी जमत नाही. शिवाय त्यांनीही रांगच लावली आहे. त्यांच्या रांगेची खिडकी आपण २०१४ मध्ये बंद केली.

कोल्हापूरकरांना तर हा विषय परका वाटायला नको. मी तिकडचीच. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरियात हाकललं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते आपल्याकडे पोचले. त्यांच्या बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, सगळं वळिवड्याला होतं. आजारी मुलांची सोय पाचगणीला होती. खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार करत होतं. १९४५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. त्यांची गावं सोव्हिएत संघात गेली, त्यामुळे परतीची वाट बंद झाली. आणि जुलैत ब्रिटनने लंडनमधल्या त्या सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे पैसे देणारंच कुणी उरलं नाही.

तरी पाच हजार माणसांना कुणी वाऱ्यावर सोडलं नाही. आधी ब्रिटिश सरकारने खर्च उचलला, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थांनी. युद्धाने कंबरडं मोडलेलं जग होतं ते, ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जागा मिळेपर्यंत, १९४७-४८ पर्यंत, कॅम्प चालला. काही जणांना मधले दिवस पूर्व आफ्रिकेतल्या कॅम्पांतही काढावे लागले. अशाच आफ्रिकेतल्या पोलिश कॅम्पांतून हजाराहून जास्त माणसं १९५० मध्ये 'जनरल लँगफिट' या जहाजाने ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरली. त्यांची नातवंडं आज पर्थमध्ये आहेत. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथेच जातो.

पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ कोल्हापुरात उभा राहिला तेव्हा आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. मलाही वाटला. पण वाट बघणाऱ्या माणसांचा रोजचा खर्च कुणीतरी नेटाने केला म्हणून ती गोष्ट अभिमान वाटण्यासारखी झाली, हे आपण फारसं बोलत नाही.

आज ती वाट आणखी लांबली आहे. २०२५ साठी यूएनएचसीआरचा अंदाज होता की जगभरात २९ लाख निर्वासितांना तिसऱ्या देशात पुनर्वसनाची गरज आहे. त्याच वर्षी २० जानेवारीला अमेरिकेने आपला पुनर्वसन कार्यक्रम स्थगित केला. विमानाची तिकिटं हातात असलेल्यांचीही उड्डाणं रद्द झाली. आदल्या आर्थिक वर्षात याच देशाने एक लाख निर्वासित घेतले होते, आणि २०२६ साठी त्याने मर्यादा ठेवली ७,५०० ची. कॅनडाने २०२४ च्या नोव्हेंबरअखेर, पाच नागरिकांनी मिळून निर्वासिताला पुरस्कृत करायच्या योजनेचे नवे अर्ज घेणं थांबवलं. यूएनएचसीआरने स्वतःची सुमारे साडेतीन हजार पदं कमी केली. म्हणजे बोलावणारे कमी झाले आणि सांभाळणारेही.

पैसे नाहीत, हे मला पटत नाही. होडीने आलेली माणसं नाउरूच्या बेटावर ठेवायला याच ऑस्ट्रेलियाने अब्जावधी डॉलर घातले आहेत. त्याच्या पासंगालाही चिसारुआतल्या कुटुंबांचा भत्ता पुरणार नाही.

माझी मागणी साधी आहे. इंडोनेशियात यूएनएचसीआरने निर्वासित म्हणून मान्यता दिलेल्या प्रत्येकाला, तो कधी आला हे न बघता, आयओएममार्फत भत्ता मिळावा, आणि तो रोख मिळावा. रेशनच्या पिशव्या नकोत, कारण औषध घ्यायचं की वही, हे त्या आईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. जुलै २०१४ ची अट काढावी. आणि इंडोनेशिया सरकारशी बोलून या लोकांना निदान काही क्षेत्रांत काम करायची मुभा मिळवावी, म्हणजे भत्त्याची गरजच हळूहळू कमी होईल. तोवर मात्र तो द्यायलाच हवा.

माझ्या भागाच्या खासदारांना मी या तीन मुद्द्यांचं पत्र पाठवलं आहे. गृहखातं दरवर्षी मानवतावादी व्हिसा कार्यक्रमाबद्दल लोकांकडून सूचना मागवतं, तिथेही पाठवणार आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कुणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, मराठीत लिहायचं असेल तर इंग्रजी करून द्यायला मी बसेन.