चिप आहे, सर्टिफिकेट आहे, पण मासा भारतात आला कसा?

नमस्कार,

आशियाई अरोवाना या टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशावरच्या माझ्या लेखाला तुम्ही बराच वेळ काढून, चिडून उत्तर दिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमचा गोल्डन अरोवाना मलेशियातल्या फार्ममध्ये जन्मलेला आहे, अंगात ओळख पटवणारी चिप आहे, फार्मचं सर्टिफिकेट आहे, दुकानाचं पक्कं बिल आहे. वन्यजीव कायदा वाघ-बिबट्यांसाठी असतो, काचेच्या टाकीतल्या माशासाठी नाही. फार्ममधल्या माशामुळे कुठल्याच जंगलाचं नुकसान होत नाही. आणि माझ्यासारखे लोक असं लिहून छोट्या दुकानदारांच्या पोटावर पाय देतात.

आधी सर्टिफिकेटचं बोलू. फार्मचं सर्टिफिकेट आणि त्यावरचा चिपचा नंबर एवढंच सांगतात की हा मासा अमुक फार्ममध्ये पैदा झाला. तो भारतात कसा आला, हे त्यातून कळत नाही. आशियाई अरोवाना १९७५ पासून ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानातून पकडलेल्या माशाचा व्यापार बंद. नोंदणीकृत फार्ममध्ये पैदा झालेल्या माशाला वाट मोकळी आहे, पण प्रत्येक खेपेला निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो आणि आपल्याकडे आयातीची रीतसर कागदपत्रं लागतात. ती नसतील तर अस्सल चिप असलेला, अस्सल फार्ममधला मासासुद्धा चोरट्या मार्गाने आलेलाच ठरतो. दुकानाच्या बिलाने हे भरून निघत नाही. बिल एवढंच सांगतं की तुम्ही पैसे मोजलेत. तुम्ही दुकानदाराकडे आयातीच्या कागदांची प्रत मागितली होती का? प्रतिक्रियेत तुम्ही बाकी सगळं मोजून सांगितलंत, त्याचा मात्र उल्लेख नाही.

कायदा माशांसाठी नाही, हे तर साफ चूक आहे. समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे तिच्यातच. प्रवाळही तिथेच. तेव्हा खाऱ्या पाण्याच्या टाकीत आपल्या किनाऱ्यावरचा समुद्री घोडा ठेवणं हा साधा नियमभंग नाही, गंभीर गुन्हा आहे.

परदेशी प्राण्यांच्या बाबतीत मात्र तुमचा समज कुठून आला हे मला कळतं. पूर्वी आपला वन्यजीव कायदा त्यांच्याकडे फारसं बघत नव्हता. विमानतळावर माल पकडला गेला तर कस्टम्सचा कायदा लागायचा, एकदा मासा घरात पोचला की सहसा कोणी विचारत नसे. जून २०२० मध्ये केंद्राने विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना आपणहून माहिती द्यायला सांगितलं आणि ठरलेल्या मुदतीत माहिती देणाऱ्यांकडे कागदपत्रं मागणार नाही असंही म्हटलं. अनेक हौशी लोकांना त्याचा पत्ताच लागला नाही. मग २०२२ ची दुरुस्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यातून साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी नवी चौथी अनुसूची तयार झाली आणि कलम ४९-एम आलं : असा जिवंत प्राणी ताब्यात असेल तर नोंदणी करा. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी निघाले, नोंदणीला सहा महिने मिळाले. अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर करायचा, तो मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. मासा मेला, पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. साइट्सच्या यादीतले विदेशी पोपट, इग्वाना, आशियाई अरोवाना, सगळ्यांना हेच लागू आहे.

आता ‘फार्ममधल्या माशाने काय बिघडतं’ याबद्दल. आशियाई अरोवानाचा नर फलित अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत आठवडेच्या आठवडे ती तोंडातच सांभाळतो. एका वेळी अंडी जेमतेम काही डझन, आणि मासा वयात यायला तीन-चार वर्षं लागतात. रानात पिल्लं मिळवायची सोपी रीत म्हणजे असा तोंड भरलेला नर पकडायचा आणि त्याच्या तोंडातून पिल्लं काढून घ्यायची. एकेका नराबरोबर अख्खी वीण जाते. लाल अरोवानाचं घर असलेलं इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतानमधलं कापुआस नदीचं खोरं या मागणीनेच ओरबाडलं गेलं. रानातलं पिल्लू आणि फार्ममधलं पिल्लू शेजारी शेजारी ठेवलं तर डोळ्यांनी फरक कळत नाही. तो फरक कागदच दाखवतो. म्हणून बिनकागदाचा बाजार चालू राहिला की चोराला आसरा मिळतो, आणि फार्मवाल्याचा प्रामाणिक मालही संशयात येतो. हा मासा टाकीत ठेवल्याने घरात पैसा येतो, असं सांगून तो विकणाऱ्यांबद्दल मला खरोखर चीड आहे. या एका समजुतीने मागणी किती फुगवली आहे!

अमेरिकेत तर चिप, सर्टिफिकेट असूनही हा मासा पाळता येत नाही. तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात तो बसतो. तुमचे कोणी नातेवाईक तिथे असतील आणि ‘आम्हाला पाठव’ म्हणत असतील, तर कृपा करून पाठवू नका.

दुकानदारांबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. कुर्ल्यात किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये टाक्या मांडून बसलेल्या माणसाला हे नियम त्याच्या भाषेत कोणी नीट समजावून सांगितल्याचं मी पाहिलं नाही. पोर्टलवरचा अर्ज भरताना शिकलेला माणूसही अडखळतो. ही शासनाची जबाबदारी आहे आणि ती नीट पार पडलेली नाही. पण म्हणून गप्प बसलो तर छापा पडेल तेव्हा सापडतो तोच छोटा दुकानदार. मधला होलसेलर नामानिराळा राहतो. सिल्व्हर अरोवाना हा वेगळ्या जातीचा मासा, तो साइट्सच्या यादीत नाही. दुकानदाराने तो विकावा, आणि आशियाई अरोवाना आयातीच्या कागदांशिवाय हातात घेऊ नये, हे मी त्याच्या भल्यासाठीच सांगतो आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग आता काय, तलावात सोडू?’ अजिबात नको. हौशी लोकांनी सोडलेल्या सकर या टाकीतल्या विदेशी माशांनी उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांची काय दशा केली आहे ते तिथे जाऊन विचारा. नोंदणी केली नसेल तर सर्टिफिकेट, बिल, चिपचा नंबर आणि माशाचे फोटो एकत्र करा, वन्यजीव कायदा कळणाऱ्या वकिलाला दाखवा आणि त्याच्या सल्ल्याने वनविभागाकडे स्वतःहून जा. मुदत टळल्यानंतर गेलात तर प्रश्न विचारले जातील, हे खरं आहे. तोवर मासा विकू नका, कोणाला भेटही देऊ नका आणि दुकानदाराकडून आयातीचे कागद लेखी मागून घ्या. त्याने टाळाटाळ केली, तर तीही वकिलाच्या कानावर घाला.