गव्हावरचा तांबेरा रोग आणि "डुप्लिकेट औषध": एका रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. एक तारा, आणि खाली लिहिलंय: "दोघा भावांनी एकाच दुकानातून औषध नेलं, एकाच दिवशी मारलं. भावाचा गहू स्वच्छ, माझा तांबेऱ्यानं गेला. त्याला एकरी १५ क्विंटल, मला ८. त्याला असली बाटली दिली, मला डुप्लिकेट. निफाडकरांनी इथं जाऊ नये." रात्रभर तेच डोक्यात होतं. रविवारी सकाळी तुमच्या मळ्यात येऊन गेलो. तुम्ही मार्केटला गेला होता, भावानं सगळं दाखवलं. फोनवर आपलं बोलणं झालंच आहे, पण आरोप चारचौघांत झालाय म्हणून उत्तरही इथंच देतो.

आधी बाटलीचं. दोन्ही बाटल्या १२ फेब्रुवारीच्या एकाच बिलावर आहेत आणि दोन्हींचा बॅच नंबर एकच आहे. त्याच बॅचच्या दोन सीलबंद बाटल्या मी बाजूला काढून ठेवल्यात. तुम्ही कृषी विभागाकडं तक्रार द्या, गुणनियंत्रण निरीक्षकांना नमुना घेऊन तपासणीला पाठवू द्या. माझी पूर्ण तयारी आहे.

आता शेतातलं. तुमच्या खळ्यावरचा मूठभर गहू आणि भावाचा मूठभर गहू मी दोन तळहातांवर घेऊन पाहिला. भावाचा दाणा टपोरा, तुमचा बारीक, सुरकुतलेला, मधली चीर खोल गेलेली. दाणा भरायच्या वेळी पानं कामातून गेली की असाच दाणा येतो. हार्वेस्टरनं बांधाच्या कोपऱ्यात सोडलेली चार ताटं अजून उभी होती. त्यांच्या वाळक्या पानांवर, अगदी शेंड्याच्या पानापर्यंत, तांबेऱ्याचा पुरळ दाटलेला होता. म्हणजे नुकसान खरं आहे, त्याबद्दल दुमत नाही.

पण दोन्ही वावरांत सारखं काय होतं? औषध. तुमचं नुकसान झालं ते बाकीच्या तीन गोष्टींनी.

पहिली गोष्ट वाण. तुमचा लोक-१, भावाचा फुले समाधान. लोक-१ ला मी नावं ठेवणार नाही. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत तयार झालेला हा गहू आपल्याकडं इतकी वर्षं टिकला तो दाण्यामुळं आणि पोळीमुळं. माझ्या घरीही तोच दळला जातो. पण तांबेऱ्यापुढं तो उघडा पडतो. फुले समाधान आपल्याच निफाडच्या संशोधन केंद्रातला, तांबेऱ्याला प्रतिकारक म्हणून दिलेला आणि उशिरा पेरणीलाही चालणारा. तुम्ही दोघांनीही २८ नोव्हेंबरला पेरलं, म्हणजे १५ नोव्हेंबरपर्यंतची वेळेवरची पेरणी हुकलीच होती.

दुसरी गोष्ट युरिया, म्हणजे नत्राचं खत. बागायती, वेळेवरच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी शिफारस आहे. एकराला नत्र झालं ४८ किलो. उशिरा पेरलं तर त्याहून कमी. तुम्ही डीएपी खताची एक गोणी (त्यातही नत्र असतं) आणि वर युरियाच्या तीन गोण्या टाकल्या. हिशेब केला तर एकरी ७१ किलो नत्र. त्यातली तिसरी गोणी पन्नासाव्या दिवशी, रंग उतरला म्हणून. नत्र अर्धं पेरताना आणि उरलेलं पहिल्या पाण्याला, एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, द्यायचं असतं. ऐन पोटरीच्या तोंडावर, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या आधी, युरिया पडला की गहू काळोखा दिसतो, पान रुंद आणि लुसलुशीत होतं, पीक दाटतं, सकाळचं दव उशिरापर्यंत वाळत नाही. निफाडची थंडी, पानावर दव, कोवळं पान आणि तांबेऱ्याला बळी पडणारं वाण. तांबेऱ्याला आणखी काय हवं?

तिसरी गोष्ट फवारणीची वेळ, आणि इथं चूक माझ्या दुकानाची आहे. भावानं सांगितलं, तुम्हाला खालच्या पानांवर नारिंगी ठिपके जानेवारीअखेर दिसले होते. पानावरून बोट फिरवलं तर गेरूसारखा रंग बोटाला आला होता. म्हणून तर जुनी माणसं याला गेरवा म्हणतात. त्याच आठवड्यात प्रोपिकोनॅझोल, म्हणजे हे बुरशीनाशक, पडायला हवं होतं. थंडी आणि दव असलं की आठ-दहा दिवसांत नवा पुरळ उठतो आणि वाऱ्यावर पुढं जातो. तुम्ही आलात १२ फेब्रुवारीला, गहू ७६ दिवसांचा, ओंबीत चीक भरलेला. औषध रोगाची पुढची चाल अडवतं, गेलेलं पान परत आणत नाही. शिवाय तुम्ही पाठीवरच्या सहा पंपांत एकर उरकला, म्हणजे जेमतेम ९० लिटर पाणी. लिटरला १ मिली आणि एकरी निदान २०० लिटर पाणी, इतकं तरी पाहिजे होतं.

हे तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं. काउंटरवरच्या पोरानं विचारलंच नाही: वाण कोणतं, पीक किती दिवसांचं, तांबेरा कुठल्या पानापर्यंत चढलाय. तुम्ही नाव घेतलंत, त्यानं बाटली दिली. युरियाची तिसरी गोणीही आमच्याच बिलावर आहे, आणि ती तर मी स्वतः दिली. याची मला मनापासून खंत आहे. तुमच्या बाटलीचे आणि त्या गोणीचे पैसे मी परत करतो.

आणि भावाच्या बाटलीचेही. त्यांचा गहू औषधानं वाचला असं तुम्हाला वाटतंय, पण तो वाणानं वाचला. स्वच्छ पिकावर त्यांनी केलेला खर्च वाया गेला. द्राक्षामुळं आपल्या भागात फवारणीचा हात बसलाय. भुरी, डाऊनी असले द्राक्षाचे बुरशीरोग म्हटलं की रात्रीत फवारणीचा ब्लोअर निघतो, आणि तेच आपण गव्हालाही लावतो. गेल्या हंगामात मी घरच्या दहा गुंठ्यांत पट्टे पाडले होते. लोक-१ वर पोटरीत असताना फवारलेला आणि न फवारलेला पट्टा बांधावरून ओळखू येत होता. न फवारलेल्यातून चालत गेलो तर पँट गुडघ्यापर्यंत नारिंगी. फुले समाधानचे दोन पट्टे मात्र मलाच खुणेची काठी बघून ओळखावे लागत होते. जास्त युरियाचा लोक-१ फेब्रुवारीच्या वाऱ्यात लोळला. त्यावर तांबेरा नव्हता, फवारलेला होता, तरी लोळला.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. प्रतिकारक वाण म्हणजे कर्णाची कवचकुंडलं नव्हेत. तांबेराही रूप बदलतो. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रात म्हणूनच नव्या वाणांची त्याच्यासमोर परीक्षा चालू असते. भावालाही सांगा, फवारू नका पण जानेवारीत आठवड्यातून एकदा वावरात शिरून खालची पानं उलटून बघा.

सोमवारपासून बिलावर वाण आणि पेरणीची तारीख लिहिल्याशिवाय गव्हाचं बुरशीनाशक द्यायचं नाही, असं पोरांना सांगितलंय. रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणणार नाही. येत्या हंगामात लोक-१ च करायचा असेल तर जरूर करा, पण पंधरा नोव्हेंबरच्या आत पेरा, युरिया दोनच गोण्या, आणि पहिला ठिपका दिसला की पान तोडून थेट माझ्याकडं आणा. दुकान बंद असलं तर घरी या.