गुळगुळीत टायर आणि माझा गुडघा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘गुडघा दुखतो म्हणून चालणं सोडू नका’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ती मी काढलेली नाही. तुमचं म्हणणं असं: मी डॉक्टर नाही; संधिवात हा एकच आजार असल्यासारखं मी लिहिलंय; सूज असेल तर काय करायचं ते सांगितलेलं नाही; आणि लेख वाचून तुमच्या आई चालायला लागल्या, चौथ्या दिवशी गुडघा धरून बसल्या. शेवटी हे वाक्य: ‘झिजलेल्या गुडघ्याला व्यायाम सांगणं म्हणजे गुळगुळीत टायरवर गाडी पळवणं, पण रिकामटेकड्या बायकांना हे कोण सांगणार?’

रिकामटेकड्या! मी ३१ वर्षं नोकरी केली. मुलुंड ते दादर उभ्यानं, दादरचा पूल चढून-उतरून दुसरी गाडी, लोअर परळला उतरून पुन्हा जिने. घरी आल्यावर लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला. मतभेद असू द्या, पण तो ‘बायकां’ना मध्ये न आणता मांडता आला असता. वयानं मी तुमच्या आईंच्याच बरोबरीची असेन.

एक चूक मान्य. मी सरसकट ‘संधिवात’ लिहिलं. मला म्हणायचं होतं ते सांध्याच्या झिजेबद्दल, ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल. आमवात वेगळा, त्याचे उपचार वेगळे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता टायर. हे वाक्य मी गेली नऊ वर्षं ऐकतेय. ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’, ‘गॅप कमी झाला’, सगळं त्याच घरातलं. ५४व्या वर्षी एक्स-रे बघून एका डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, आता जपून, जास्त हालचाल नको. मी आज्ञाधारकपणे आठ महिने जपलं. बाजार बंद, जिना दिवसातून एकदाच. आठ महिन्यांनी कमोडवरून उठायला मला भिंतीचा आधार लागायला लागला.

मग एका फिजिओथेरपिस्टताईंकडे गेले. त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, गुडघ्यानं ती खाली दाबा, मनात पाच मोजा. माझाच हात त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. स्नायू नुसता थरथरत होता, घट्ट होतच नव्हता. दुसऱ्या मांडीवर ठेवला, तर तिथं कडक गोळा. त्या दिवशी मला कळलं की आठ महिन्यांत मी गुडघा वाचवला नव्हता, त्याला सांभाळणारी मांडी घालवली होती.

टायर निर्जीव असतो, सांधा नसतो. कूर्चेला, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या त्या ‘गादी’ला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. भार आला की ती दबते, भार गेला की फुगते, स्पंजासारखी, आणि त्या ये-जा करणाऱ्या द्रवातूनच तिचं पोषण होतं. झिजलेली कूर्चा व्यायामानं परत उगवते, असा दावा मी कधीच केला नाही. पण वेदना कमी होतात, उठबस सुधारते. इंग्लंडमधल्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या सगळ्याच रुग्णांना उपचार म्हणून व्यायाम द्यावा असं म्हटलं आहे, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हेही. ते तज्ज्ञांच्या समितीनं लिहिलेलं आहे, माझ्यासारख्या बायकांनी नव्हे. वजनाचंही तसंच. गुडघ्याची झीज असलेल्या स्थूल, वयस्कर लोकांवरचा एक अमेरिकन अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं हलका होतो, असं त्यात दिसलं. तुमची गाडी पळवायची की नाही एवढाच प्रश्न नसतो, तिच्यावर किती ओझं लादलंय हाही असतो.

सूज. गुडघा सुजून लाल, गरम झाला असेल तर डॉक्टरांकडे जायचं, हे मी वेगळं लिहायला हवं होतं असं मला वाटत नाही. जाणत्या माणसाला ते कळतं.

आणि आई. त्यांना त्रास झाला याचं मला खरंच वाईट वाटलं. पण मी दहा मिनिटं चालायला लिहिलं होतं, तेही सपाट रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर वेळ निम्म्यावर आणा, हेही त्याच परिच्छेदात होतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेसुद्धा. त्या किती चालल्या, कुठे चालल्या, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही आणि दोष मात्र थेट माझ्या माथी. चार दिवसांच्या दुखण्यावरून व्यायामच वाईट ठरवायचा असता, तर मीही पहिल्याच आठवड्यात टॉवेल घडी करून कपाटात ठेवला असता.

दुखणं ओसरल्यावर आई खुर्चीत बसून पाय सरळ करायला तयार असतील, तर आधी एखाद्या फिजिओथेरपिस्टला दाखवून घ्या आणि आईंचा हात त्यांच्याच मांडीवर ठेवून बघा. काय जाणवलं ते मला नक्की कळवा.