जातो म्हणू नये, येतो म्हणावं

आपल्या घरांत बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. उंबरठ्यावर चुकून 'जातो' तोंडातून निघालं की आजी पाठीत धपाटा घालते. तो धपाटा ज्यांनी खाल्लाय, त्यांची परदेशी शिष्यवृत्तीची निम्मी तयारी झाली म्हणून समजा. उरलेली निम्मी म्हणजे तेच 'येतो' इंग्रजीत, शब्दमर्यादेत आणि हात न थरथरता लिहिणं.

सुरुवात अमेरिकेत शिकायला पाठवणाऱ्या फुलब्राइट शिष्यवृत्तीपासून करा, कारण हे नाव काढलं की लग्नात भेटणारे नातेवाईक दोन मिनिटं गप्प बसतात. महायुद्ध संपल्यावर देशोदेशी पडून राहिलेलं अमेरिकेचं लष्करी सामान विकून जे पैसे येणार होते, त्यांच्या जोरावर १९४६ मध्ये ही योजना निघाली. भंगारातून विद्वत्ता काढण्याचा हा प्रयोग भारतात १९५० च्या करारानंतर आला आणि पुढे त्याला नेहरूंचं नाव जोडलं गेलं. पदव्युत्तर शिक्षणासाठी पदवीला किमान ५५ टक्के आणि तीन वर्षांची पूर्णवेळ पगारी नोकरी लागते. अर्जाची मुदत संपते मे महिन्यात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, कूलरमध्ये पाणी टाकता टाकता 'मी जगाला काय देऊ शकतो' हे ज्याला सुचतं, तो तसाही निवडण्याच्याच लायकीचा असतो. विषयांच्या यादीत सार्वजनिक आरोग्य सापडेल, नगररचना सापडेल, अभियांत्रिकी शोधू नका. हिंगणा रोडच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांनी आपल्याला लहानपणापासून नगररचनेचीच ओढ होती, हे आठवायला घ्यावं. सिमेंटच्या रस्त्यावर पाणी तुंबलेलं पाहिलंय ना? मग झालं.

विलायतेला जायचं असेल तर चेव्हनिंग. १९८३ पासून ब्रिटिश सरकार ही देतं आणि त्यासाठी कामाचे २,८०० तास भरावे लागतात. बिनपगारी आणि स्वयंसेवी कामही चालतं, त्यामुळे घाबरू नका. वहीत मांडून बसा. बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढलेले तासही एकदा मोजून पाहा. ते अर्जात घालायचे नाहीत, पण मोजल्यावर धीर येतो.

यात नेतृत्वावर निबंध असतो. इथे आपली मुलं हमखास अडकतात, कारण आपल्याला लहानपणी पुढे पुढे करू नको असंच शिकवलेलं. उपाय सोपा आहे. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे पोळा आणि मारबत तोंडावर. गल्लीच्या बडग्याला, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्याला, तुम्ही कागद चिकटवले असतील, तर तुम्ही 'लोकसहभागातून राजकीय अभिव्यक्तीचा उपक्रम राबवला'. चिकटवताना खळ कमी पडली आणि शेजारच्या मंडळाकडून मागून आणली, तर 'मर्यादित साधनसामग्रीत आंतरसंस्थात्मक समन्वय साधला'. मिरवणुकीत 'घेऊन जा गे मारबत' असं ओरडून घसा बसला असेल, तर त्याचं काय करायचं ते तुमच्या कुवतीवर सोडतो. नेटवर्किंगवरही विचारतात. ते आपल्याला शिकवायला नको. सीताबर्डीत पार्किंग मिळवून देणारा, आरक्षण पक्कं करून देणारा आणि तहसीलमधल्या साहेबाचा साडू, असे तिघे ज्याच्या फोनमध्ये नाहीत तो नागपूरकर नव्हेच.

शिफारसपत्रांचं मात्र नीट ऐका. सरांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, पेनड्राइव्ह न्या. सर चष्मा कपाळावर सरकवतील आणि म्हणतील, "तूच लिहून आण, मी सही ठोकून देतो." आता स्वतःविषयी लिहायचं. पहिल्या मसुद्यात लाज वाटते, दुसऱ्यात मजा येते आणि तिसऱ्यात आपण खरंच असे आहोत अशी शंका यायला लागते. तिथे थांबा. दुसरं पत्र दुसऱ्या सरांच्या तोंडून लिहायचं असतं, तेव्हा निदान विशेषणं तरी बदला. माझ्या ओळखीच्या एकाने दोन्ही पत्रांत तीच चूक त्याच शब्दात केली होती. मुलाखतीत त्याला विचारलं, तुमचे दोन्ही सर भाऊ आहेत का?

जर्मनीचं थोडक्यात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नसते, पण शिष्यवृत्ती नसेल तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून दाखवावे लागतात. फुकट शिकायला एवढे पैसे लागतात, हे वडिलांना तर्री पोहे खाऊन झाल्यावर सांगावं, आधी नाही.

आता मुख्य विषय, परत येणं. फुलब्राइटवर जाणाऱ्याला मायदेशी दोन वर्षं काढल्याशिवाय अमेरिकेत स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही. चेव्हनिंगवाल्यालाही शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी परत यावंच लागतं. म्हणून शेवटच्या परिच्छेदात विदर्भ आणा. कोरडवाहू शेती, कापूस, शेतकऱ्यांचे प्रश्न, सगळं ओळीने. कापसाचं बोंड हातात धरलेलं नसलं तरी हरकत नाही, तपासणाऱ्यानेही धरलेलं नसतं. मग व्हिसासाठी रात्रीच्या दुरांतोने मुंबई गाठा. अमेरिकेचा कायदा असा की व्हिसा मागणारा तिथे कायमचा राहायलाच निघालाय, असं आधी गृहीत धरतात आणि तसं नाही हे आपण पटवून द्यायचं. काटोलच्या संत्र्याच्या बागेचा सातबारा जवळ ठेवा. मृगाच्या बहाराला मी नसलो तर बाग कोण बघणार, असं डोळ्यांत पाणी आणून म्हणता आलं पाहिजे.

त्याच वेळी घरी लक्ष्मीनगरच्या मावशी आईला सांगत असतात, "एकदाचा तिकडे चिकटला की सुटलीस बघ तू." म्हणजे दूतावासाला परत येण्याचं वचन द्यायचं आणि मावशींना न येण्याचं. दोन्ही वचनं एकाच तोंडाने देता येणं, यालाच बहुधा ते नेतृत्व म्हणत असावेत.

ज्यांनी शब्द खरा केला त्यांची हकिकत मात्र अर्ज भरताना वाचू नका, मन विचलित होतं. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंड देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायचा करार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली तसे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते करार पाळायला बडोद्याला आले. तिथे त्यांना राहायला कोणी घर देईना. पारशी वसतिगृहात नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. करार दहा वर्षांचा होता, बडोद्याने आपल्या बाजूने काही दिवसांतच आटोपता घेतला. दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्या माणसाला हे सांगायची गरज नसते. इतरांनी शिष्यवृत्तीच्या माहितीपत्रकात शोधू नये, तिथे हसरे फोटो असतात.

आता सरकारही पाठवतं. राज्याची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज योजना वर्षाला ७५ जणांना परदेशी पाठवते, केंद्राच्या तशाच योजनेत १२५ जागा. केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीत एक काळजीची अट आहे. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज हे विषय शिकायला या पैशात परदेशी जाता येणार नाही. ९ मे १९१६ ला कोलंबियात एका विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आज त्याचा अर्ज छाननीतच बाद झाला असता, तेव्हा विषय जपून निवडा. ध्रुवीय अस्वलं चालतील.

माझ्यावर विश्वास का ठेवायचा, असं विचाराल. मी एक वर्ष शिकून आलो आहे आणि शब्द दिला होता म्हणून परत आलो आहे. पोह्याच्या ठेल्यावर शाळेतला मित्र भेटला. त्याने तर्रीचं ताट बाजूला ठेवलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "काऊन वापस आला बे? काही झालं का तिकडे?" आई अजून शेजाऱ्यांना मी सुट्टीवर आलोय असं सांगते. सुट्टीला आता तीन वर्षं होतील.

मागच्या रविवारी आमच्याच गल्लीतली एक मुलगी निबंध तपासून घ्यायला आली, वडील सोबत होते. निबंध चांगला होता. गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांवर लिहिलं होतं आणि तिने ती पाहिलेलीही होती, त्यामुळे मला दुरुस्त करायला फारसं काही उरलं नाही. ती चपला घालायला बाहेर गेली तसे वडील माझ्याकडे वाकले.

"भाऊ, जरा तिला नीट सांगून द्या. ते परत यायचं फक्त लिहाचं असते म्हणून. पोरगी खरंच मनावर घेऊन राहिली."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "जाते मी, दादा!"

वडील ताडकन उठले. "जाते काय म्हणते? येते म्हण!"