तिकडच्या तिकडे मोकळे व्हा

लग्न पुण्यात लागलं, संसार सॅन होजेत झाला आणि आता पटत नाही? मग काळजी कसली! तुमच्यासारख्या हुशार नवऱ्यासाठीच कॅलिफोर्निया बसवलंय. राज्यात सहा महिने आणि काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, तीन महिने राहिलात की घटस्फोटाचा अर्ज करायला तुम्ही पात्र. फी साडेचारशे डॉलरांच्या आतबाहेर. तुमच्या लग्नात नुसत्या आइस्क्रीमवर याहून जास्त गेले असतील. कारण म्हणाल तर फॉर्मवरच्या एका चौकोनात खूण करायची : न मिटणारे मतभेद. चूक कुणाची, कुणाची आई फोनवर काय म्हणाली, यातलं काहीही कोर्टाला ऐकायचं नसतं. ही सोय 1970पासून आहे आणि त्या कायद्यावर सही केली होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, जे स्वतः घटस्फोटित होते. अनुभवी माणसाच्या हातून गेलेला कायदा असा सुटसुटीत असतो.

फक्त मुहूर्त सांभाळा. तिथे लग्न दहा वर्षांचं झालं की ते 'दीर्घ मुदतीचं' धरलं जातं आणि पोटगीचा विषय कोर्ट बेमुदत उघडा ठेवू शकतं. तेव्हा नववा वाढदिवस दणक्यात करा, तिला कानातलं घ्या, फेसबुकवर फोटो टाका, आणि दुसऱ्या दिवशी वकील गाठा. लग्नानंतरची कमाई तिथे निम्मी-निम्मी असते, ही त्या राज्याची एकमेव खोड. त्यामुळे कोथरूडचा फ्लॅट आईच्या नावावर करायचा असेल तर अर्जाच्या आधी करा. अर्ज दाखल झाला की मालमत्ता इकडेतिकडे करायला मनाई होते, आणि ती मनाई अर्ज करणाऱ्यालाही लागू असते. स्वतः पैसे भरून स्वतःचेच हात बांधून घेणं बरं दिसत नाही.

आता बायकोचं. ती एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या, व्हिसावर असेल तर निम्मं काम अमेरिकी सरकारनेच करून ठेवलंय. एच-वनवाल्याची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची, नोकरी गेली तर त्याला दुसरी शोधायला 60 दिवसांपर्यंत मुदत मिळते. नवरा गेला तर तेवढीही नाही. ज्या दिवशी निकाल, त्या दिवशी तिचा व्हिसाचा आधार संपला. पुण्यात तिची बँकेत नोकरी होती आणि ती तुमच्यासाठी सोडून आली, हा मुद्दा भावनिक आहे. त्यात अडकू नका.

पण खरा कसबी माणूस इतकंही थांबत नाही. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकोला घेऊन येतो, माहेरी सोडतो, तिचा पासपोर्ट 'माझ्याकडे असू दे, हरवशील' म्हणून खिशात टाकतो आणि सासूबाईंच्या हातचं पुरण खाऊन एकटाच विमानात बसतो. तिकडे उतरल्यावर अर्ज. नोटीस तिच्या हातात पडली की उत्तराला 30 दिवस. व्हिसा नाही, डॉलर नाहीत, वकील कुठे शोधायचा माहीत नाही, वडील म्हणतायत 'जावईबापूंशी बोलून बघू'. ती येत नाही. एकतर्फी निकाल. वर पुन्हा चारचौघांत सांगायला मोकळे की 'तिनेच इंटरेस्ट दाखवला नाही'.

इथपर्यंत सगळं ठीक चाललेलं असतं. मग मुंबईला उतरलात की 1991 साल आडवं येतं.

त्या वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने नरसिंह राव खटल्याचा निकाल दिला. (पंतप्रधान नव्हेत, ते नुकतेच खुर्चीत बसले होते, हे दुसरे.) लग्न तिरुपतीचं, घटस्फोट मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीचा. तिथे 90 दिवसांच्या वास्तव्याची अट होती, ती नवऱ्याने कागदोपत्री भरली होती. न्यायालय म्हणालं, ही अट केवळ घटस्फोटासाठी भरलेली. त्या राज्यात घर करण्याचा याचा इरादाच नव्हता. शिवाय लग्न ज्या कायद्याखाली लागलं, त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून परक्या कोर्टाने ते मोडलं तर आम्ही मानणार नाही. निकाल लिहिला न्यायमूर्ती पी. बी. सावंतांनी. घात करायला आपलाच माणूस मिळावा!

आणि हिंदू विवाह कायद्यात क्रूरता आहे, त्याग आहे, व्यभिचार आहे. 'आमचं पटत नाही' एवढंच कारण नाही. संबंध पार मोडलेत म्हणून लग्न संपवायचं तर ते फक्त सर्वोच्च न्यायालयच आपल्या खास अधिकारात करू शकतं. म्हणजे सॅन होजेत तुम्ही बिनधास्त अविवाहित आणि पुण्यात रीतसर नवरा. पासपोर्टवरचा अशोकस्तंभ जाऊन गरुड आला तरी पुण्यातली सप्तपदी पुसली जात नाही. लग्न कोणत्या कायद्याखाली लागलं, हा प्रश्न उरतोच. उलट तुमचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकाला भारतात हवं तेव्हा येऊ देणारं) बायकोच्या नात्यावर मिळालेलं असेल तर लग्नासोबत तेही जाऊ शकतं.

पळवाटा सावंतसाहेबांनी ठेवल्यात, पण त्या अपमानास्पद आहेत. बायको खरोखरच तिथे कायमची राहत असावी आणि कारणही आपल्या कायद्यात बसणारं असावं. किंवा तसंच कारण असताना तिने स्वखुशीने तिथल्या कोर्टात येऊन बाजू मांडावी. किंवा तिची संमती असावी. संमती! नाहीतर शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दोघांनी मिळून अर्ज करायचा. वर्षभर वेगळं राहिलेलं असलं की पुरतं, आणि अर्जानंतर सहा महिने थांबायची अटही सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या निकालानंतर न्यायालय योग्य प्रकरणात माफ करतं. पण त्यासाठी तिच्याशी समोरासमोर बसून, पोटगीचा आकडा काढून, माणसासारखं बोलावं लागतं. एवढी नामुष्की घेण्यापेक्षा मिसुरी बरं.

शेवटी दुसरं लग्न. कारण आईने स्थळं बघायला सुरुवात केलेलीच असणार. बायोडेटात 'नाममात्र घटस्फोटित' लिहा. मात्र पहिलं लग्न इथे जिवंत असताना दुसरं केलंत तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या नरसिंह रावांनीही दुसरं लग्न केलं होतं. पहिलीने फिर्याद ठोकली होती आणि ती चालवायला न्यायालयाने वाट मोकळी केली. यावर तोडगा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. 1965च्या भाऊराव लोखंडे खटल्यात आरोपी सुटला, कारण दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झालीच नव्हती, त्यामुळे ते कायद्याने लग्नच ठरलं नाही. तेव्हा कार्यालय घ्या, बँड लावा, पंगती उठवा, फक्त भटजींना सात पावलांच्या आधी थांबवा. आणि का थांबवलंत, ते मुलीच्या वडिलांना कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी सांगून ठेवा.