गाडी वरच्या रेसला ओढत नाही? आधी इंजिनाचं बोअर करून घ्या

जुनी मोटरसायकल पन्नास-पंचावन्नपर्यंत गुणी लेकरासारखी चालते आणि त्यापुढे रेस पिळली की दम टाकते, असं तुमच्याकडे सुरू झालं असेल तर एक पथ्य कटाक्षाने पाळा. कारण शोधू नका. कारण शोधणं ही चिकट माणसांची कामं. आपण थेट पार्ट बदलायचा.

मी हे अनुभवाने सांगतोय. माझी गाडी २००४ सालची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायला सेन्सर नाही, साधा कार्बोरेटर. जूनमध्ये पावसाळ्याआधीची सर्व्हिसिंग करून घेतली आणि पुढच्याच रविवारी पुण्याहून साताऱ्याला निघालो. शिरवळपर्यंत सगळं झ्याक. खंबाटकीच्या चढाला लागलो, रेस पिळली, आणि अर्ध्या-एक मिनिटात गाडीने मान टाकली. मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्नमधूनच माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कडेला घेतली. दोन मिनिटांनी किक मारली, तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू! पुन्हा थोडं अंतर गेलो, पुन्हा तेच.

आता ‘थांबली की बरी होते’ हा पुरावा गॅरेजमध्ये सांगायच्या भानगडीत पडू नका. मिस्त्री फोनवर असतो.

तपासणी नेहमी मेन स्टँडवरच करून घ्या. मिस्त्री येतो, न्यूट्रलमध्ये कचकचून रेस देतो, अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसतात, आणि तो म्हणतो, “आवाज तर मस्त आहे, काका.” आवाज मस्तच असणार! चाकावर ओझं नाही, चढ नाही, मागे बसलेलं माणूस नाही. रिकाम्या इंजिनाला पेट्रोल लागतं किती? कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवरच ते दोन मिनिटं गाणं म्हणेल. फारच आग्रह केलात तर तो हेल्मेट न घालता कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत चक्कर मारून येतो. त्या रस्त्यावर तीन गतिरोधक आहेत. तिथे तिसरा गिअर टाकणाराच महान.

प्लग बदला. चांगला असला तरी बदला.

मग क्वाइल, मग सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारं जे जे असेल ते.

क्लच प्लेटही बदला. क्लच घसरत असेल तर आरपीएमचा काटा वर पळतो आणि वेग जागेवर राहतो. माझा काटा तर वेगाबरोबरच खाली येत होता, पण एवढ्या बारीकसारीक गोष्टी बघायला आपण काय शास्त्रज्ञ आहोत?

हल्ली इथेनॉलचीही चांगली सोय झाली आहे. काहीही बिघडलं की इथेनॉलवर बिल फाडायचं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या कार्बोरेटरला पातळ पडतं (म्हणजे हवेच्या मानाने कमी पडतं), कारण तिथे हिशेब सांभाळायला सेन्सर नसतो. ते पाणी धरतं, जुन्या रबराला खातं, हेही मान्य. पण म्हणून ते फक्त खंबाटकीत चढतं का हो?

आणि एवढं सगळं करून गाडी तिथल्या तिथेच राहिली, की येतो राजयोग: “बोअर गेलाय, काका.” म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय. हे वाक्य उच्चारायला सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लागत नाही. माझ्या गाडीला धूर नव्हता, ऑइल कमी होत नव्हतं, सकाळी एका किकमध्ये सुरू होत होती. गेज लावून बघायला फार तर दहा मिनिटं गेली असती. पण नाही. हेड उतरलं, सिलिंडर आतून कातून मोठा करायला लेथवाल्याकडे गेला, ओव्हरसाइज पिस्टन बसला, आणि आधीचं सगळं धरून बिल झालं ११,८५० रुपये. त्यावर कळस म्हणजे सूचना: “नवा बोअर आहे, पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका.” म्हणजे जो आजार पन्नासच्या पुढेच दिसतो, तो बरा झाला की नाही हे पाचशे किलोमीटर बघायचंच नाही! असली हमी विमा कंपन्यांनाही सुचली नसेल. मी मूर्खासारखा तीन आठवडे सायकलवाल्यांना पुढे जाऊ दिलं.

पाचशे एकाव्या किलोमीटरनंतर पुन्हा खंबाटकी. पुन्हा मान टाकली.

त्या दिवशी डोकं फिरलं. इंजिन थंड होऊ दिलं, कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढली आणि पाण्याची रिकामी बाटली खाली धरून कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, उघडला. धार पडायला हवी होती, पडत होते थेंब. नळी वर वर चाचपत गेलो, तर मधोमध एक प्लॅस्टिकचा फिल्टर, आणि तो बसवताना नळीला पडलेली पीळदार घडी. जूनच्या सर्व्हिसिंगमध्ये “इथेनॉलचा कचरा येतो” म्हणून मला न विचारता बसवलेला. बिलात चाळीस रुपये. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकीतून जे आपल्या वजनाने खाली उतरेल तेवढंच. कॉकमध्ये जाळी आधीच आहे. फिल्टर फेकला, नळीचा लांब तुकडा सरळ जोडला, आणि गाडीने न कुरकुरता घाट काढला.

आता पथ्यं बाजूला ठेवतो. अरे, हाताने नळी ओढून बघायची होती! चार महिन्यांत तीन गॅरेजं झाली, एकानेही ती काढली नाही. भरधाव चालून मग दम टाकते, थांबल्यावर बरी होते, म्हणजे वाटी रिकामी होतेय, हे तुमच्या पोराटोरांनाही कळायला हवं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हेच होतं, मग झाकण सैल ठेवून एक चक्कर मारायला कोणाचे हात बांधले होते? येत नसेल तर “येत नाही” म्हणा, मी दुसरीकडे जाईन. लोकांची धडधाकट इंजिनं कसली फोडता?

आणि तुम्ही, वाचणारे. सर्व्हिसिंग झाल्यावर गाडी बिघडली, तर त्या दिवशी काय काय हात लावला हे विचारायला लाज वाटते का? मी नाही विचारलं. बिलावर ओळ होती, वाचली नाही. गाढवपणा माझाही आहे. निदान जुने पार्ट तरी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझा पिस्टन कुठे गेला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.