एक साडी म्हणजे किती नग?

जहाजावरच्या खर्चाचा हिशेब काल मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवला. एका ओळीभोवती लाल गोल आणि खाली प्रश्न : ‘बाबा, हे काय?’ गोलात लिहिलं होतं : टेबलक्लॉथ, जादा लांब, नग १, प्रेसिंग, ९ डॉलर.

ते टेबलक्लॉथ म्हणजे माझ्या बायकोची इरकल. गर्द जांभळी, टोपपदराची, तिच्या आईने घेऊन दिलेली. हा हिशेब मी तिला अजून दाखवलेला नाही. दाखवणारही नाही.

लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून सिॲटलच्या मुलाने आम्हाला अलास्काच्या क्रूझवर चढवलं. सात रात्री. जुनो, स्कॅगवे, केचिकन आणि परतताना व्हिक्टोरिया. हिमनदी पाहिली, देवमाशाची शेपटी पाहिली, सगळं फार छान होतं. त्याचे फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकून झालेत. इथे मला फक्त इस्त्रीबद्दल बोलायचंय.

बोटीवर चढताना बॅगा एक्स-रेतून जातात आणि मग आपल्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहतात. आमची लाल आली, काळी आली, निळी आलीच नाही. संध्याकाळी चिठ्ठी आली की खाली अमुक खोलीत येऊन भेटा. गेलो. पोलीस चौकीत मुद्देमाल मांडून ठेवतात तसं एक लांब टेबल. त्यावर चहाच्या किटल्या, एक्स्टेंशन बोर्ड, मेणबत्त्या, कोणाचा तरी भाताचा कुकर. समोर प्रत्येक वस्तूचा आरोपी मान खाली घालून उभा. माझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने हातमोजे घातले, निळी बॅग उघडली आणि आतून माझी प्रवासी इस्त्री दोन बोटांत धरून बाहेर काढली. डोंबिवली स्टेशनबाहेर घेतलेली, मूठ दुमडणारी, जेमतेम मोठ्या करंजीएवढी. सातशे वॅट.

“फायर हॅझर्ड, सर.”

मी वीज मंडळात ३३ वर्षं काढली. आकडे टाकून चोरलेली वीज भर पावसात शिडीवर चढून तोडली आहे. आणि हा पंचवीस वर्षांचा मुलगा मला आग कशी लागते ते सांगणार. मी म्हटलं, माझ्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये तुम्हीच हेअर ड्रायर ठेवलाय, तो सोळाशे वॅटचा आहे, मी पाटी वाचली आहे. तो हसला. तसं हसायचं शिक्षण त्यांना देत असावेत. मग त्याने पावती फाडली. शेवटच्या दिवशी परत मिळेल. पावतीवर लिहिलं होतं : ‘इस्त्री, खेळण्यातली, १.’

खेळण्यातली असेल तर जप्त का केली? आणि जप्त करण्याइतकी भयंकर असेल तर खेळण्यातली कशी? हा प्रश्न मी त्याला इंग्रजीत विचारू शकलो असतो, पण मागे भाताच्या कुकरवाल्या बाई उभ्या होत्या आणि त्या रडायच्या बेतात होत्या.

नियम चुकीचा नाही, हे मी नोकरीच्या इमानाने सांगतो. समुद्रात आग लागली तर माणूस पळणार कुठे? १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात पुढे भर पडत पडत आज तो माझ्या करंजीपर्यंत आलाय. येऊ दे. पण त्याच बोटीच्या कॅसिनोत लोक खुशाल सिगरेटी फुंकत बसले होते. २००६ मध्ये जमैकाजवळ एका मोठ्या क्रूझवर आगीने केबिनच्या केबिन खाल्ल्या, एक माणूस गेला, आणि ती आग बहुधा सिगरेटच्या थोटकाने लागली असं चौकशीत निघालं. इस्त्रीने नव्हे. थोटकावाला जुगारात पैसे हरतो, इस्त्रीवाला काहीच हरत नाही, हे यातलं खरं गणित असावं.

असो. साड्यांकडे येतो. वजन आणि जागा वाचावी म्हणून मुलाने हवा काढून चपट्या करायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या होत्या. त्यातून इरकल बाहेर आली ती कुरडईसारखी. दुसऱ्याच दिवशी फॉर्मल नाइट. बायकोने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “अहो, एवढी इस्त्री आणली होती ना तुम्ही?”

कपाटात लाँड्रीची पिशवी आणि फॉर्म होता. शर्ट, पँट, ब्लाउज, ड्रेस, पायजमा, मोजे जोडी, हातरुमाल. साडी नाही. ब्लाउज होता, पण त्यांचा ब्लाउज म्हणजे बायकांचा शर्ट. परकर कुठे लिहायचा ते पेन घेऊन वीस मिनिटं शोधलं. शेवटी साडी पिशवीत घालून मी एकटाच पाचव्या मजल्यावरच्या चौकशीच्या काउंटरवर गेलो.

रांग होती. माझ्या मागे एक अमेरिकन आजोबा, पंचाहत्तरीचे, हातात आइस्क्रीमचा कोन. सकाळचे साडेनऊ. गळ्यातल्या पट्टीवर इतके बिल्ले की निवृत्त सुभेदार झेंडावंदनाला आलाय असं वाटावं. ही त्यांची एकेचाळिसावी क्रूझ होती. हे मला विचारावं लागलं नाही.

“लाँड्री?” त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. “चूक. पहिल्यांदा आलेले सगळे हीच चूक करतात. मी १९९८ पासून इस्त्रीला हात लावलेला नाही.” आणि त्यांनी स्वतःच्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट आवळलं, माझ्या डोळ्यांत बघत पाच अंक मोजले, सोडलं. सुरकुती नाही. “आता तुम्ही करा.” मी नको म्हटलं. “करा, करा.” माझ्या पुढच्या बाईही वळून बघू लागल्या. मग मी, डोंबिवली पूर्वचा एक पेन्शनर, एका परक्या माणसाच्या पोटावरचा शर्ट मुठीत धरून भर दिवाणखान्यात उभा राहिलो आणि तो माणूस आइस्क्रीम चाटत मला म्हणाला, “जोरात.”

मग त्यांच्या युक्त्या सुरू झाल्या. गरम शॉवर सोडून न्हाणीघरात कपडे टांगायचे. ओला टॉवेल वरून फिरवायचा. आणि तिसरी युक्ती सांगताना त्यांनी आवाज खाली आणला, जणू खालच्या लाँड्रीतलं कोणी ऐकेल. पँटची घडी नीट जुळवायची, गादीखाली ठेवायची आणि वर झोपायचं. “सकाळी धार येते, धार! हे मी स्वतः शोधून काढलं.”

मी १९७९ मध्ये दहावीच्या निरोप समारंभाला जी पँट घातली ती रात्रभर गादीखाली होती. माझ्या थोरल्या भावाची होती, त्यामुळे गादीवर भाऊ झोपला आणि खाली सतरंजीवर मी. त्याहून घाई असली तर आई तांब्यात निखारे घालून तो कॉलरवर फिरवायची. हे त्या आजोबांना सांगावं असं फार वाटलं. पण ज्याने गादीखालच्या पँटचा शोध लावलाय त्याच्यापुढे तांब्या काढायचा म्हणजे निष्ठुरपणा.

काउंटरवरची मुलगी फिलिपिन्सची होती. नावाच्या पट्टीवर देश लिहिलेला असतो. फार गोड बोलत होती. तिने साडी बघितली, फोन उचलला, खाली लाँड्रीत कोणाशी तरी बोलली आणि म्हणाली, “सर, हे तीन नग होतील. स्कर्ट, टॉप आणि शाल.”

मी म्हटलं, ताई, एकच आहे.

“पण फोटोत तीन दिसतात,” तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर कोणीतरी सुंदर बाई साडी नेसून उभी. निऱ्या म्हणजे स्कर्ट, छातीवरून गेला तो टॉप, पदर म्हणजे शाल. मी समजावलं की हे सगळं एकच कापड आहे, ते गुंडाळतात. किती लांब? साडेपाच मीटर. ती हसली. मला वाटतं, मी पैसे वाचवायला थाप मारतोय असं तिला वाटलं.

“साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट,” मागून आजोबा म्हणाले. “दाखवून टाका तिला.” आणि त्यांनी उरलेला कोन तोंडात कोंबला, हात पँटला पुसले (त्या न चुरगळणाऱ्या पँटला) आणि माझ्या हातातलं साडीचं एक टोक घेऊन मागे मागे चालायला लागले.

पाचव्या मजल्याचा तो भाग म्हणजे बोटीचा दर्शनी दिवाणखाना. गोल जिना, काचेच्या लिफ्टी, एक पियानो. पदर माझ्याकडे, दुसरं टोक आजोबांकडे. ते “एकच नग! एकच नग!” असं ओरडत पियानोपर्यंत पोहोचले. साडी ताणली गेली. लोक थांबले, फोन वर झाले. एका लहान मुलाने खालून पलीकडे जाऊन दाखवलं. पियानोवाल्याने वाजवणं थांबवलं नाही, पण चाल बदलली. आजोबांनी तिकडून साडी कंबरेएवढी उचलून धरली आणि काउंटरकडे बघून विचारलं, “यात शिलाई दिसते का कुठे? दिसते का?” वास्तविक टोपपदर असा जोडलेला असतो की शिलाई नसली तरी जोड दिसतो. मी ती जागा अंगठ्याखाली झाकली. एवढा अप्रामाणिकपणा मी ३३ वर्षांच्या नोकरीत केला नव्हता.

आणि तेवढ्यात काचेची लिफ्ट खाली आली. आत आमची ही.

दार उघडायच्या आधीच तिने सगळं पाहिलं होतं. आईची साडी, तिच्या एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला आइस्क्रीमचे हात असलेला माणूस, मध्ये फोटो काढणारी पन्नास माणसं. ती बाहेर आलीच नाही. दार मिटलं आणि लिफ्ट वर गेली.

एक नग मान्य झाला. ४८ तास लागतील. एक्स्प्रेस हवं तर दीडपट पैसे. त्या रात्री ती जॉर्जेट नेसली, तेही माझ्याशी न बोलता. जेवणाच्या हॉलमध्ये आजोबा लांबून दिसले, त्यांनी मला हात केला आणि पुन्हा एकदा शर्ट मुठीत आवळून दाखवला.

पुढचे दोन दिवस मी साडीची वाट पाहत अलास्का पाहिलं. स्कॅगवेला गाइडने सांगितलं की १८९८ च्या सुमारास सोन्यासाठी क्लोंडाइकला निघालेल्या प्रत्येकाला कॅनडाच्या हद्दीवर वर्षभराचा शिधा दाखवावा लागे, एकूण सामान टनभर, ते पाठीवर वाहून खिंड चढायची. “त्यात इस्त्री होती का हो?” बायकोने विचारलं. दोन दिवसांतलं तिचं हे पहिलं वाक्य. केचिकनला धो धो पाऊस. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो म्हणे, म्हणजे थेट आपलं कोकण. मी न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत घातलेले दोन बनियन व्हिक्टोरियापर्यंत ओलेच होते. आणि व्हिक्टोरिया तरी कशाला? तर १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या बोटीला मध्ये एक परकं बंदर घ्यावंच लागतं. ते काही तास संध्याकाळचे, दुकानं मिटायच्या वेळचे, आणि तेवढ्यासाठी आम्ही दोघांनी कॅनडाच्या व्हिसाचे पैसे भरले, बोटांचे ठसे दिले. हे लिहिताना पुन्हा चीड येतेय.

साडी आली चौथ्या दिवशी. आमच्या केबिनचा स्टुअर्ड मालवणचा पोरगा. पातळ कागदात गुंडाळलेला एक चौकोनी गठ्ठा त्याने दोन्ही हातांवर, शालजोडी आणावी तसा आणला. बायकोने कागद सोडवला. इस्त्री सुरेख होती, खोटं कशाला बोलू. आपल्याकडच्या परीटघडीहून कडक. पण घडी चौकोनी. उभी नाही, आडवी-उभी दोन्ही, चादरीला घालतात तशी. उलगडली तर पदरावर भूमितीच्या वहीसारखे चौकोन.

“काकानू,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “खाली कोणाकच कळाक नाय ह्या काय ता. फॉर्मात साडी नाय. मगे टेबलक्लॉथ म्हणान लिवल्यानी. पण तीन नगाचे पैशे वाचले ना?” मी त्याला म्हटलं, काकूंना सांगू नकोस. “नाय ओ,” तो म्हणाला, “माका पण आई आसा.”

दुसऱ्या फॉर्मल नाइटला ती चौकोनांची इरकल नेसली. तीन बायकांनी येऊन सांगितलं की डिझाइन फार वेगळं आहे. ती खूश झाली, मी गप्प बसलो.

इस्त्री शेवटच्या दिवशी परत मिळाली. पिनेचा ॲडॉप्टर मिळाला नाही. पावतीवर ॲडॉप्टर लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो कधी नव्हताच.

मुलाला मी उत्तर पाठवलं, ‘जेवणाच्या टेबलाचं काहीतरी असेल, सोडून दे.’ त्याने अंगठा पाठवला.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी बायको साडी घेऊन सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्याकडे गेली. मी पिशवी धरायला. त्याने घडी मोडली, साडी टेबलावर पसरली आणि चौकोनांवरून बोट फिरवत विचारलं, “काकू, ही कोणी केली?”

“बोटीवर,” बायको जरा ऐटीत म्हणाली.

त्याने पाण्याचा हबका मारला, कोळशाची इस्त्री तीनदा फिरवली, निऱ्यांच्या बाजूने लांब घडी घातली. चाळीस रुपये. मग वही ओढून, पेन्सिल जिभेला लावून लिहिलं : साडी १.